नियम कडक आणि समोर टॉवर: बाल्कनीला आडोसा करताना

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात पाचव्या मजल्यावर फ्लॅट. बाल्कनी १० फूट लांब, ५ फूट खोल. उभ्या गजांचा साडेतीन फुटी लोखंडी कठडा, वर साधारण आठ फुटांवर बीम. समोर ५० फुटांवर दुसरा टॉवर, त्याच्या समोरच्या आणि दोन मजले वरच्या खिडक्यांतून इथली बैठक सरळ दिसते. इमारतीची सोसायटी नाही, अपार्टमेंट असोसिएशन आहे. नियम असे: कठड्याबाहेर काही नको, स्लॅबला आणि कठड्याला ड्रिल नको, हिरवी जाळी नको, काच किंवा शटर नको, दर्शनी रंग बदलायचा नाही. मग आडोसा कसा करायचा?

बहुतेक घरांत कामाची सुरुवातच उलटी होते. आधी दुकानात जाऊन पडदा, चिक नाहीतर प्लास्टिकची पानं पसंत करायची, ती कठड्याला आवळायची, आणि आठवड्यात मॅनेजरची चिठ्ठी आली की ‘असोसिएशन त्रास देते’ म्हणायचं. तुमचे पाचही नियम पुन्हा वाचा. ते सगळे कठड्याच्या रेषेबद्दल, तिच्या बाहेरच्या भागाबद्दल आणि इमारतीच्या अंगाला भोकं पाडण्याबद्दल आहेत. बाल्कनीच्या आत, जमिनीवर, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या वस्तूबद्दल त्यात काही नाही. शिवाय आडोसा बसणाऱ्या माणसाच्या जितका जवळ, तितका तो लहान पुरतो. पेपर वाचताना डोळ्यांवर येणारं ऊन तळहातानेही अडतं, तेच खिडकीवर अडवायचं तर अख्खा पडदा लागतो. म्हणून पूर्ण बाल्कनी झाकायचा विचार सोडा आणि कोणती नजर कुठून येते ते आधी मोजा.

मोजायला पंधरा मिनिटं लागतात. रोज जिथे बसता तिथे खुर्ची ठेवून बसा. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरून समोरचा फोटो काढा. त्या फोटोत जी खिडकी दिसते तिथून तुम्ही दिसता, जी दिसत नाही तिथून दिसत नाही. आता घरातल्या दुसऱ्या माणसाने केरसुणीचा दांडा किंवा मोजपट्टी कठड्याशी उभी धरायची, आणि तुम्ही बसल्या जागेवरून सांगायचं की ती खिडकी पट्टीच्या कितव्या इंचामागे जाते. तिथे मास्किंग टेपचा तुकडा. प्रत्येक त्रासदायक खिडकीसाठी आणि प्रत्येक बसायच्या जागेसाठी हे करा, आणि मिळालेल्या प्रत्येक खुणेत १२ ते १५ सेंटिमीटर मिळवा, कारण डोळे झाकले गेले तरी डोक्याचा माथा वर राहतो. शेवटी जे उरतं ते बहुधा चार-पाच फूट रुंद आणि दीड-दोन फूट उंच एवढाच पट्टा असतो. दहा फुटी पडद्याचा खर्च इथेच वाचतो.

तुमच्या बाल्कनीचे आकडे काढून पाहू. नेहमीच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर. तीवर बसलेल्या माणसाचा माथा साधारण १३० वर येतो. हीच बैठक २० सेंटिमीटरवर आणली, म्हणजे जाड गादी नाहीतर बुटका बाक केला, तर माथा १०५ वर येतो. तुमच्या कठड्याची उंची जवळपास तेवढीच आहे. समोरच्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाची नजर जवळजवळ आडवी येते, त्यामुळे बुटक्या बैठकीवर कठड्याच्या वर फार तर बोट-दोन बोटं डोकं दिसतं. म्हणजे बैठक एक वीत खाली आणल्याने समोरच्या मजल्यांचा निम्मा प्रश्न फुकटात सुटतो आणि यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. गज मात्र उघडे आहेत. त्यांच्या फटींचं पुढे सांगतो.

दोन मजले वरची खिडकी हट्टी आहे. तिथल्या माणसाचे डोळे तुमच्या जमिनीपासून साडेसात मीटरवर येतात, मधलं अंतर १५ मीटर. तुम्ही कठड्यापासून एक मीटर आत बुटक्या बैठकीवर बसलात, तर ती नजर कठड्याच्या रेषेवर १४५ सेंटिमीटर उंचीवरून येते. खुर्चीवर बसलात तर १६९. म्हणजे तिथे कठड्याच्या वर ४० किंवा ६४ सेंटिमीटरचा आडोसा हवा. पण तोच आडोसा कठड्यापासून ४५ सेंटिमीटर आत घेतला, तर बुटक्या बैठकीसाठी १२७ सेंटिमीटर उंची पुरते. आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण हिशेबात स्पष्ट दिसते: नजर चुकवायला आतल्या भिंतीला टेकून बसलात तर आडोसा अधिक उंच लागतो, कठड्याकडे पाठ करून त्याच्याजवळ बसलात तर कमी. कठड्यापासून अर्ध्या मीटरवर माथा असेल तर १२६ सेंटिमीटरवर काम भागतं. भिंतीला टेकण्याचा फायदा फक्त पाच-सहा किंवा त्याहून जास्त मजले वरून पाहणाऱ्यांसाठी आहे, कारण त्यांची नजर तुमच्या वरचा बीमच अडवतो.

या आकड्यांवरून पहिला पर्याय आपोआप पुढे येतो: उंच पाठीचा बुटका बाक. बैठक २० ते २२ सेंटिमीटर, खोली ५०, लांबी १२० ते १५०, आणि पाठ जमिनीपासून १३० सेंटिमीटर. पाठ कठड्याकडे, तोंड घराकडे. पाठीच्या पट्ट्या जमिनीपर्यंत नेल्या की गजांच्या फटीतून दिसणारे पाय आणि मांडीही झाकली जाते. पट्ट्या ५० मिलिमीटर रुंद आणि मधली फट १० ते १२ मिलिमीटर ठेवा. वारा जातो, नजर अडते. सागवान परवडलं तर उत्तम. नाहीतर पावडर कोटिंग केलेला अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या, पट्ट्या. साधं प्लायवूड आणि एमडीएफ बाल्कनीत पहिल्याच पावसाळ्यात फुगतं, ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेलंसुद्धा कडांना फुगतं. पायांखाली १० मिलिमीटरचे रबर पॅड द्या. लाकूड पाण्यात उभं राहत नाही आणि पाणी मोकळं वाहून निचऱ्याच्या जाळीपर्यंत जातं. बाकाची खरी अडचण ही की बाहेरचं दृश्य पाठीमागे जातं. ज्यांना चहा घेताना झाडं बघायची आहेत त्यांना तो आवडणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

त्यांच्यासाठी झाडांचा आडोसा. इथे वजनाचा हिशेब टाळता येत नाही. घरगुती बाल्कनीसाठी भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, सुमारे ३०० किलो, असा भार धरतात. बाहेरच्या कडेवर दर धावत्या मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो. यात माणसंही आली. आता ९० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३५ उंच असा खोका घ्या. त्यात ९४ लिटर माती बसते. लाल माती आणि शेणखत भरून पाणी घातलं की ते सुमारे १६० किलो होतं, म्हणजे धावत्या मीटरला १७८. कडेवर असे तीन खोके ओळीने मांडले की नवी इमारत असली तरी हद्द ओलांडली. जुन्या इमारतीत, जिथे स्लॅबखाली गिलावा फुगून गंजाचे डाग उमटले आहेत, तिथे तर मोठे खोके नकोतच. तोच खोका ४० टक्के कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ३० टक्के चाळलेलं कंपोस्ट, ३० टक्के भाताचं तूस किंवा परलाइट (फुलवलेल्या खनिजाचे हलके दाणे) अशा मिश्रणाने भरला तर ओला असतानाही ८० किलोच्या आसपास राहतो. वजन अर्धं होतं आणि मुळांनाही ते मानवतं.

या हलक्या मिश्रणात एक सापळा आहे. समजा खोक्यात एक मीटर उंच जाळीदार चौकट उभी केली, तिच्यावर वेल चढवला, आणि निम्मं क्षेत्र भरीव धरलं. ताशी ७२ किलोमीटरच्या झोतात तिच्यावर साधारण ११ किलोचा रेटा येतो, तोही जमिनीपासून ८५ सेंटिमीटर उंचीवर. ८० किलोचा ओला खोका एवढं सहन करतो. पण सुट्टीत आठ दिवस पाणी चुकलं की कोकोपीट सुकून तोच खोका ३५ किलोवर येतो, आणि ताशी ५० ते ५५ किलोमीटरलाच आडवा होतो. पुण्यात वळवाचा पाऊस एप्रिल-मेमध्येच येतो आणि येताना वाऱ्याचा लोट घेऊन येतो, म्हणजे नेमका सुट्टीत, नेमका माती सुकलेली असताना. उपाय सोपा आहे. तळाला २५ किलो फरशीचे तुकडे किंवा दगड, त्यावर जुन्या सुती कापडाचा थर, मग मिश्रण. दोन खोके एकमेकांना बोल्टने जोडा, आणि चौकटीचा वरचा आडवा दांडा कठड्याच्या हातधरणीला २५ मिलिमीटरच्या नायलॉन पट्ट्याने बांधा, मध्ये रबराचा तुकडा ठेवून. ड्रिल नाही, ओरखडा नाही, आणि काढायला एक मिनिट.

झाडं कोणती? पश्चिमेचं ऊन आणि वारा असेल तर कुंती, म्हणजे कामिनी. दाट, कात्रीला मानवणारी, खोक्यात दीड मीटरपर्यंत सहज राखता येते. सावलीत अरेका पाम. मात्र तो उन्हाच्या वाऱ्यात टोकाला करपतो आणि लोक पाणी वाढवून मुळं कुजवतात. चौकटीवर चढवायला कृष्णकमळ सर्वांत लवकर भरतं, गोकर्ण नाजूक पण हलकी. मधुमालती सुंदर आहे, बाल्कनीसाठी नव्हे: दोन वर्षांत ती कठड्याबाहेर लोंबते आणि वरच्या मजल्याच्या ग्रिलला जाऊन मिळते. पडद्यासारखा खाली सुटणारा पडदा वेलही याच कारणाने कठड्यावर नको, तो कठड्याबाहेरच वाढायला बघतो. एका खोक्यात कुंतीची दोन रोपं, तीन नव्हेत. विकत घेतानाच दोन-अडीच फुटांची घ्या. रोपवाटिकेतली बोटभर रोपं स्वस्त पडतात, पण आडोसा मिळायला दोन वर्षं जातात. पाणी खालच्या मजल्यावर टपकलं की सगळ्या मजल्यावर भांडण होतं, म्हणून खोक्याखाली पूर्ण लांबीचा ट्रे हवा, आणि तो आठवड्यातून एकदा कोरडा करायला हवा. साचलेल्या ट्रेमध्ये डेंग्यूच्या डासांची अंडी होतात आणि पालिकेचे लोक तपासायला येतात तेव्हा पहिल्यांदा तिथेच बघतात.

कठड्याच्या माथ्यावर कुंडी ठेवणं हा विषयच नाही. कड्या लावूनही नाही. पाचव्या मजल्यावरून पडलेली दोन किलोची कुंडी माणूस मारते.

लहान मुलं असतील तर

इथे थोडं थांबा, कारण आडोशाचे सगळे सोपे उपाय मुलांच्या बाबतीत धोक्याचे आहेत. कठडा १०५ सेंटिमीटर आहे तो जमिनीपासून. त्याला चिकटून ३५ सेंटिमीटरचा खोका ठेवला की वर चढलेल्या मुलासाठी कठडा ७० चा उरतो. बुटका बाक लावला की ८५. आडव्या पट्ट्यांची चौकट म्हणजे तयार शिडीच. घरात किंवा नेहमी येणाऱ्या नातेवाइकांत दहाच्या आतलं मूल असेल तर हे तीन नियम पाळा. पट्ट्या उभ्या. खोका कठड्यापासून निदान ४५ सेंटिमीटर आत, किंवा खोक्यावर पाय ठेवायला जागाच उरणार नाही इतकी दाट झाडी. आणि बाकाची पाठ १३० सेंटिमीटरला थांबवायची नाही, १५० करायची. कबुतरांची जाळी लावलेली आहे म्हणून मूल सुरक्षित आहे असं समजू नका. ती पक्ष्यांसाठी असते, तिचे हुक पुष्कळदा नुसत्या गिलाव्यात बसवलेले असतात.

त्याच जाळीबद्दल आणखी एक. लोक तिला पडदा, चटई, रोप सगळं बांधतात. जाळी दोरीच्या ताणावर उभी असते. तिच्यावर कापड आलं की ती शिडाचं काम करते आणि एक हुक सुटला की पुढचे ओळीने सुटतात.

वरून सोडायचा पडदा, ड्रिल न करता

बुटकी बैठक नको, खुर्च्याच हव्यात, वय झालंय, गुडघे दुखतात, असं असेल तर वरून पडदा सोडावाच लागतो. तोही पूर्ण नाही. तुमच्या बाबतीत दोन मजले वरच्या नजरेसाठी कठड्याच्या रेषेपाशी बीमपासून १४० सेंटिमीटरच्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण एक मीटर उंचीचा पट्टा पुरतो. त्याच्याखाली कठड्यापर्यंत ३५ सेंटिमीटरची फट राहते, तिथून हवा येते आणि बसल्या जागेवरून बाहेरचं दिसतं. रुंदीही टेपच्या खुणांएवढीच, बहुधा १२० सेंटिमीटर.

दहा फूट रुंद पडदा का नको ते आकड्यांत बघा. वाऱ्याचा दाब काढायचं ढोबळ सूत्र: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, वर्ग करा, ०.६ ने गुणा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं. ताशी ३६ किलोमीटरला दर चौरस मीटरवर ६ किलो. ताशी ७२ ला २४ किलो. ताशी १०८ ला ५५. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, आणि नेमकं हेच लोकांच्या अंदाजात चुकतं. तीन मीटर रुंद, एक मीटर उंच भरीव पडद्यावर ताशी ७२ च्या झोतात ७३ किलो येतात. एवढं ओझं पडद्याच्या दोन हुकांवर. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. तेव्हा हाच पडदा १८० किलोहून जास्त ओढला असता. इमारतींच्या हिशेबात मूळ वाऱ्याचा वेग मुंबईला ४४ मीटर प्रतिसेकंद आणि पुण्याला ३९ धरतात, म्हणजे पुणं काही आडोशाला बसलेलं नाही. याउलट १२० सेंटिमीटर रुंद, एक मीटर उंच आणि तीन चतुर्थांश भरीव विणीचा पडदा ताशी ७२ ला २२ किलोच्या आसपास राहतो.

तो लावायची रीत अशी. दोन उभे खांब, ३८ मिलिमीटर गोल, १.५ मिलिमीटर जाडीचा, ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा पाइप. कोकणात किंवा मुंबईला समुद्रासमोर असाल तर ३१६ घ्या, ३०४ वर तिथे तांबडे डाग येतात. प्रत्येक खांबाच्या खालच्या टोकाला एम १६ चा, म्हणजे १६ मिलिमीटर जाडीचा, पेचाचा पाय, दोन्ही टोकांना ७५ मिलिमीटर व्यासाचा रबर पॅड. खांब जमीन आणि वरचा बीम किंवा स्लॅब यांच्यात उभा करून पेच हाताने घट्ट होईपर्यंत फिरवायचा, मग पान्याने फक्त अर्धा आटा. जास्त आवळलं तर खालची टाइल तडकते. आधी नाण्याने टाइल वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे खांब नको. वर पीओपीची फॉल्स सीलिंग असेल तर हा प्रकार सोडून द्या, खांब ती फोडून वर जाईल. खांब कठड्यापासून निदान ३० सेंटिमीटर आत ठेवा आणि कठड्याच्या हातधरणीच्या उंचीवर रबर लावलेल्या पाइप क्लॅम्पने तिच्याशी सैलसर जोडा. क्लॅम्पचं काम वजन पेलणं नाही, खांब चुकून घसरला तर तो बाहेर जाऊ न देणं आहे. कोणताही ग्रिलवाला फॅब्रिकेटर हे अर्ध्या दिवसात करून देतो. त्याला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते, की स्लॅबला भोक पाडायचं नाही. त्याचा हात सवयीने ड्रिलकडेच जातो.

जमिनीला भोक पाडायची परवानगी कुणी दिली तरी पाडू नका. टाइलखाली कोबा आणि वॉटरप्रूफिंगचा थर असतो. सहा मिलिमीटरचं एक छिद्र त्यातून गेलं की दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते आणि मग आडोसा बाजूलाच राहतो.

कापड म्हणून एचडीपीई या प्लास्टिकच्या धाग्यांचं विणलेलं शेड कापड घ्या, अतिनील किरणांना टिकणारं, ७५ टक्के छायेचं. ५० टक्क्यांतून दिसतं, ९० टक्क्यांचं वारा अडवतं. बाहेरच्या बाजूला फिकट आणि आतून गडद असं दुरंगी मिळालं तर सर्वांत चांगलं: फिकट बाजूवर ऊन पडून चकाकतं म्हणून बाहेरून आत दिसत नाही, गडद बाजूमधून मात्र तुम्हाला बाहेरचं नीट दिसतं. आणि फिकट बदामी किंवा राखाडी रंग बहुतेक इमारतींच्या रंगात मिसळून जातो. कडेला दुमडून शिवण, दर ३० सेंटिमीटरला पितळी डोळा, बांधायला काळ्या केबल टाय. पांढऱ्या केबल टाय एका उन्हाळ्यात ठिसूळ होऊन तुटतात.

बांबूची चिक दिसायला याहून कितीतरी छान. पण ती भिजली की जड होते, पावसाळ्यात बुरशी धरते आणि खालची काठी कठड्यावर रात्रभर आपटते. पुण्यात दोन-तीन वर्षं जाते, कोकणात एक पावसाळा. चिकच हवी असेल तर जूनच्या आधी उतरवून घरात ठेवायची तयारी हवी, आणि खालची काठी दोन्ही बाजूंनी सुतळीने खांबाला बांधा. सुतळीच, नायलॉन नको. मोठा झोत आला तर सुतळी तुटावी, पडदा फडफडावा, पण खांब ओढला जाऊ नये. मार्चपासून मेअखेर घराबाहेर पडताना पडदा गुंडाळून जायची सवय मात्र लावावी लागते. त्याला पर्याय नाही.

गजांच्या फटी

खालच्या आणि समोरच्या नजरेसाठी गजांच्या मागे काहीतरी हवं. सरळ मार्ग म्हणजे कठड्याच्याच रंगाचं तेच शेड कापड आतून बांधणं. काळ्या गजांमागे काळं कापड रस्त्यावरून जवळजवळ दिसत नाही. तरी ते कठड्याला बांधलेलं आहे, म्हणून तोंडी होकारावर राहू नका. बांधण्याआधी कठडा दोन्ही हातांनी हलवा. हलत असेल किंवा खालच्या पट्टीशी गंज दिसत असेल तर कापडाचा विचार सोडा आणि असोसिएशनला कठड्याबद्दलच पत्र द्या. कापडाच्या खाली जमिनीपासून पाच सेंटिमीटर मोकळे सोडा, नाहीतर झाडलेला पाला तिथे अडून पाण्याची जाळी तुंबते.

ज्यांच्याकडे गजांऐवजी काचेचा कठडा आहे त्यांनी आतल्या बाजूने पांढरी फ्रॉस्टेड फिल्म लावावी, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून. काळी किंवा आरशासारखी नको: काच तापते आणि बाहेरून रंग बदललेला चटकन दिसतो.

प्लास्टिकच्या पानांची चटई कुठेच नको. नियम आड येत नसला तरी नको. ती पेट घेते, वितळून थेंब थेंब खाली गळते, आणि आपल्याकडे दरवर्षी दिवाळीत चार दिवस आकाशातून ठिणग्या पडतात. एसीचं बाहेरचं युनिट बाल्कनीतच असेल तर त्याच्या तोंडासमोर कोणताही आडोसा आणू नका, गरम हवा परत आत फिरते आणि बिल वाढतं.

रात्रीचं गणित वेगळं

वरचं सगळं दिवसासाठी. दिवसा बाहेर उजेड जास्त म्हणून शेड कापडातून आत दिसत नाही. रात्री छतावरचा दिवा लावला की तेच कापड उलटं चालतं: तुम्हाला बाहेरचं दिसत नाही, बाहेरच्यांना तुम्ही दिसता. मागे हॉलचा उजेड असेल तर माणसं सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या छायाखेळातल्या चामड्याच्या बाहुल्यांसारखी पडद्यावर ठळक उमटतात. छतावरचा दिवा बंद, हॉलच्या दाराचा पडदा ओढलेला, आणि गुडघ्याखाली, वरून झाकलेला दोन-तीन वॉटचा पिवळा दिवा. बाक असेल तर बैठकीच्या खाली. बस्स.

परवानगी

तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट असोसिएशन आहे, म्हणजे महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० लागू. फ्लॅट तुमच्या मालकीचा, पण त्या कायद्याप्रमाणे मुख्य भिंती, खांब, बीम, छत हे सामाईक भाग. त्याच कायद्यात असंही आहे की इमारतीच्या सुरक्षिततेला बाधा येईल, मालमत्तेची किंमत घटेल किंवा मोठं बांधकाम वाढेल असं काम इतर सगळ्या मालकांच्या एकमताशिवाय करता येत नाही. ‘सगळ्या’ आणि ‘एकमताने’ हे दोन शब्द नीट वाचा; काचेने बाल्कनी बंद करायचा हट्ट का सोडायचा ते कळेल. त्याला पालिकेची परवानगीही वेगळी लागते. सहकारी सोसायटी असती तर १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि उपविधी लागू झाले असते, आणि फ्लॅटमधल्या फेरबदलासाठी समितीची लेखी पूर्वपरवानगी.

कागद या क्रमाने वाचा: नोंदवलेलं घोषणापत्र, उपविधी, सर्वसाधारण सभेचे ठराव, आणि शेवटी परिपत्रकं. ग्रुपवर आलेला मॅनेजरचा मेसेज हा नियम नव्हे. पण तो नियम नाही हे त्याला सिद्ध करून दाखवण्यात वेळ घालवू नका. ठराव मागा आणि तारीख लिहून घ्या.

बाकाला आणि जमिनीवरच्या खोक्यांना परवानगीची गरज सहसा नसते, कापड आणि खांबांना घ्याच. अर्ज एका पानाचा. त्यात मापं, रंग, वजन, ‘कोणतंही छिद्र नाही, पंधरा मिनिटांत काढता येतं’ हे वाक्य, कापडाचा तळहाताएवढा नमुना, आणि रस्त्यावरून काढलेले दोन फोटो: एक आत्ताचा, एक ठरलेल्या जागी त्याच रंगाची चादर कुणीतरी धरून उभं असतानाचा. समितीला भीती असते ती एकाला दिलं की साठ जण साठ रंगांचं मागतील याची. म्हणून अर्जातच सुचवा की बदामी किंवा राखाडी असा एकच रंग, एकच उंची आणि कठड्यापासून किमान ३० सेंटिमीटर आत, हे सगळ्यांसाठी सर्वसाधारण सभेत ठरवावं. असा ठराव झाला की पुढच्या समितीलाही तो मागे घ्यायचा तर पुन्हा सभेत जावं लागतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. भाडेकरू असाल तर मूळ मालकाचं पत्र सोबत जोडा, नाहीतर अर्ज पहिल्या टेबलावरूनच परत येतो.

खरेदी अर्जानंतर. आणि चादर धरून उभं राहायचा प्रयोग संध्याकाळी सहाला एकदा आणि रात्री आठला दिवे लावून एकदा, दोन्ही वेळा करा. समोरच्या टॉवरमध्ये ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्या खिडकीतून एक फोटो मागवा. टेपच्या खुणा त्यानंतर दोन-चार इंच तरी सरकतात.